दुसरी सही

सोमवारी सकाळी ओवी बिरनाळेने एक किटली मागितली आणि तिच्या म्हातारीने ती नाकारली.

"निळी आहे गं," ओवी फोनमध्ये म्हणाली. "असली निळी माझ्याकडे नाही."

"तुझ्याकडे अकरा किटल्या आहेत," पलीकडून खरखरीत आवाज आला. "त्यांतल्या नऊ अजून चुलीवर चढलेल्या नाहीत. घरात चहा पिणारी माणसं दोन, त्यातला एक बिनसाखरेचा."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे नाही. जा कामाला. हळद वाट बघत असेल."

ओवी हसत दुकानातून बाहेर पडली. दुकानदारानेही काही वाईट वाटून घेतलं नाही. गिऱ्हाइकाने हौसेने वस्तू उचलायची, फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालायची आणि वस्तू परत ठेवून निघून जायचं, याची सांगलीतल्या दुकानदारांना आता सवय झाली होती. 'पुढची नको म्हणाली' एवढं सांगितलं की पुरे. 'आमचाही पुढचा असलाच खडूस आहे,' असं म्हणून दुकानदार किटली पुसून पुन्हा फळीवर ठेवत असे.

ही 'पुढची' कोण, हे आता सांगायला हवं.

हाती आलेला पैसा माणसाला राखता का येत नाही, याचं उत्तर लोक फार वर्षं स्वभावात शोधत होते. कोणी जाहिरातींना दोष दिला, कोणी आईबापांना. मग मेंदूत डोकावणारी यंत्रं आली आणि एक गमतीची गोष्ट उघड झाली. आपण स्वतःचा विचार करतो तेव्हा मेंदूतला एक ठरावीक भाग चांगला जागा होतो. परक्या माणसाचा विचार करताना तो बराचसा शांत असतो. पण 'तीस वर्षांनंतरचा तू' डोळ्यांसमोर आण, असं एखाद्याला सांगितलं, तर तो भाग परक्याच्या वेळी बसतो तसाच गप्प बसतो! म्हणजे म्हातारपणासाठी पैसे बाजूला टाकणं हे मेंदूच्या लेखी एसटी स्टँडवरच्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या खिशात नोटा कोंबण्यासारखं झालं. एवढं उदार कोण असतं?

सांगलीच्याच डॉ. तेजस मगदूमांनी यावर जो उपाय काढला तो लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला शोभण्यासारखा होता. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत ना? मग ओळख करून द्या.

मगदूमांचं यंत्र माणसाची चाल, झोप, रक्त, आवाज, लिहिलेली पत्रं, केलेली खरेदी आणि सांगितलेल्या सबबी असं सगळं गोळा करी. त्यावरून हाच माणूस शहात्तराव्या वर्षी बहुधा कसा असेल, याचं गणित ते मांडी. हे गणित फोनवर बोलत असे, चिडत असे, टोमणे मारत असे. मगदूमांनी त्याला 'उत्तरस्व' असं भारदस्त नाव दिलं. उत्तरस्व म्हणजे उत्तरायुष्यातले आपण स्वतः. लोकांनी ते नाव अर्ज भरण्यापुरतं ठेवलं आणि बोलताना 'पुढचा' नि 'पुढची' म्हणू लागले. पुढचीला भविष्य ठाऊक नसे. निवडणूक कोण जिंकेल किंवा सोनं कधी उतरेल, हे तिला विचारून उपयोग नव्हता. तिला तुमचा स्वभाव ठाऊक असे, तुमचं शरीर ठाऊक असे आणि शेवटी कशाची हळहळ उरणार आहे, तेही ठाऊक असे.

मग पतसंस्थांनी हे गणित कामाला लावलं. पगार यायचा घरखात्यात. त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम हातखर्चाच्या वेगळ्या खात्यात जायची आणि घरखात्याचं दार पुन्हा बंद. हातखर्चाच्या खात्यावर सह्या दोन: पहिली तुमची, दुसरी तुमच्या पुढचीची. सही म्हणजे तरी काय, आपापल्या आवाजात 'मान्य' एवढा एक शब्द म्हणायचा.

यातून गावात काय काय गमती झाल्या! हळद बाजारातल्या एका अडत्याचा पुढचा त्याच्यापेक्षा उधळ्या निघाला आणि 'आता नाही खाणार तर कधी खाणार रे?' म्हणत त्याला रोज बासुंदी खायला लावू लागला. ओवीचा नवरा ईशान हा मुळातच सज्जन माणूस, त्यामुळे त्याचा पुढचाही तसाच. दोघं एकमेकांना 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत राहत आणि साध्या चपलांच्या खरेदीला आठवडा लागे.

ओवीचं मात्र पहिल्या दिवसापासून वाजलं.

ओवी बाजार समितीत हळदीची पारख करत असे. हळदीतलं तेल, रंग, ओलावा सगळं यंत्रं मोजत, तरी शेवटचा शिक्का माणसाच्या नाकाचा लागे आणि ओवीचं नाक जिल्ह्यात नावाजलेलं होतं. पगार चांगला, माणूस दिलदार, पण हातात पैसा आला की तो खाजायला लागायचा. छत्र्या, किटल्या, शाली, न लावलेल्या रोपांच्या कुंड्या. शेवटी एकदा साखरेचा डबा काढायला गेलेल्या ईशानच्या डोक्यावर वरच्या फळीवरून तीन किटल्या पडल्या. तो चिडला नाही. टेंगळावर बर्फ धरून तो एवढंच म्हणाला, "आपण तुझं वेगळं खातं काढू या का?"

खातं उघडलं त्या दिवशी पुढचीचा पहिला फोन आला.

"नमस्कार," ओवी जरा घाबरून म्हणाली. "मी ओवी."

"ते मला माहीत आहे. मीही तीच आहे. सोपं कर. तुला काय पाहिजे?"

"एक शाल बघितलीय. मोरपंखी."

"शाल नव्हे. तुला काय पाहिजे, ते विचारतेय."

ओवीने मग एका छत्रीचं नाव घेतलं. पलीकडची बाई म्हणाली, "मग मी सांगते. होडी."

ओवी तिथेच पायरीवर बसली. नऊ वर्षांची असल्यापासून ती आपल्या थोरल्या आत्याबरोबर कृष्णेत होडी वल्हवायची. सांगलीत श्रावणात होड्यांच्या शर्यती होतात, काठावर माणूस मावत नाही. त्यांत एक दिवस आपली होडी असणार, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे दहावी आली, कॉलेज आलं, नोकरी आली, लग्न झालं. कोणी अडवलं नाही, कोणी रागावलं नाही. नुसतं राहून गेलं, आणि तिने ते पुन्हा कधी कोणाजवळ काढलंही नाही.

"मी शहात्तर वर्षांची आहे," पुढची म्हणाली. "तुझ्या आत्यानंतर पाण्यात पुन्हा एकदाही उतरले नाही. तीस वर्षं घाटावर उभी राहून दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवली. माझी ही तिखट जीभ आहे ना, ती तिथे तयार झाली. आता शाल बिल विसर."

एकटीने वल्हवायची शर्यतीची होडी हरिपूरला कावेरी सुतार बनवत असे. होडीची किंमत म्हणजे ओवीचा चाळीस महिन्यांचा हातखर्च, तोही एक किटली न घेता.

ते चाळीस महिने ओवीच्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे गेले. आधी ती चोरून काही घ्यायला बघायची आणि पुढची तिला रंगेहाथ पकडायची. मग नाही म्हणून घेण्यातच तिला गोडी वाटू लागली. दुकानात उगाच काहीतरी उचलायचं, कारण नकार ऐकायचा असायचा. म्हातारी प्रत्येक वस्तूचा निराळा उद्धार करी. एका फुलदाणीबद्दल ती म्हणाली होती, "ही घरात आणलीस तर पाहुण्यांना वाटेल कुणाच्या तरी अस्थी ठेवल्यात." लिलावाच्या वेळी ओवी फोन खिशात चालू ठेवायची आणि अडत्यांच्या आरडाओरड्यावर म्हातारीची शेरेबाजी ऐकून भर बाजारात तिला हसू आवरायचं नाही. श्रावणातल्या शर्यती दोघी काठावरून बघत. "तो तिसरा बघ, वल्हवतोय की ताक घुसळतोय?" असं कानात आलं की ओवी इतकी हसायची, की शेजारचे लोक सरकून उभे राहत. आई जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. इतक्या हक्काने तिला रागावणारं मध्यंतरी कोणी उरलं नव्हतं आणि या बाईवर तिचा जीव जडला.

चाळिसावा महिना भरला त्याच आठवड्यात पतसंस्थेची वार्षिक सभा होती. सभेला सभासद अहवालासाठी कमी आणि जिलेबीसाठी जास्त येतात, हा नियम काही बदललेला नव्हता. यंदा खुद्द डॉ. मगदूम शंकांना उत्तरं द्यायला आले होते. बुटके, टक्कल पडलेले, बोलताना स्वतःच खुदकन हसणारे गृहस्थ.

एक सभासद उठले. "डॉक्टरसाहेब, माझी एक तक्रार आहे. माझा पुढचा सारखा खोकायचा आणि शिव्या द्यायचा. मी तंबाखू सोडली. तर दुसऱ्या दिवसापासून फोनवर एक भलताच गोड म्हातारा यायला लागला. मला 'अहो जाहो' करतो!"

सभागृह हसलं. मगदूमही हसले. "तक्रार कसली, अभिनंदन! तुम्ही बदललात, म्हणून गणित नव्याने मांडलं गेलं. जुना गेला, नवा आला. आम्ही याला 'पालट' म्हणतो. बारीकसारीक खर्चाने पालट होत नाही. पण एखाद्या गोष्टीने आयुष्याची दिशाच बदलली, की होतो."

जिलेबी खाणाऱ्या ओवीचा हात थांबला. सभा संपल्यावर तिने मगदूमांना दाराशी गाठलं.

"डॉक्टर, मी होडी घेणार आहे. रोज नदीवर जाणार आहे. मग माझी पुढची?"

"पालटेल ना! छान, धडधाकट बाई मिळेल तुम्हाला."

"आणि आत्ताची?"

"आत्ताची कशातून झालीय?"

"होडी घेतली नाही, त्यातून."

मगदूमांनी मान हलवली. "मग होडी घेतल्यावर ती होणार कशी, ओवीताई? त्याच दिवशी संध्याकाळी सहाला गणित नवं होईल."

"नवीला आमचं बोलणं आठवेल?"

"नाही. पुढच्यांशी झालेल्या गप्पा आम्ही गणितात धरत नाही. धरल्या तर घोळ होतो, स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा उत्तर काढल्यासारखं. त्या गप्पा तिच्याजवळ असतात आणि तिच्याबरोबर जातात."

"जुनी तशीच ठेवून घेता येणार नाही? सही नको तिची. नुसती बोलायला."

मगदूमांचं हसू थोडं कमी झालं. "ठेवून पाहिल्या होत्या आम्ही काही. त्या मग आपली पुढची राहत नाहीत. आपण कधीच होणार नाही अशी एक बाई होऊन बसतात. आणि रोज विचारतात, 'तू पाण्यात उतरलीस, मग मी अजून काठावर कशी?' त्यांना काय सांगायचं? आम्ही ते बंद केलं."

"तिला काही वाटत असेल का हो, डॉक्टर?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. गणित आहे ते. पण तसं बघितलं तर तुम्ही तरी कोण? तुम्ही चौदा वर्षांच्या ओवीच्या पुढच्याच की." एवढं बोलून ते पुन्हा खुदकन हसले आणि कोणीतरी पुढे केलेल्या जिलेबीच्या बशीकडे वळले.

ओवी घरी आली ती होडीचं नावच काढेना. हरिपूरहून कावेरी सुतारचा निरोप आला: होडी तयार आहे, पैसे आले की न्या, शनिवारपर्यंत थांबते, मिरजेचा एक जण मागतोय. ओवीने निरोप वाचला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने पुढचीकडे एक छत्री मागितली.

"छत्री?" म्हातारी म्हणाली. "खात्यात होडीचे पैसे पडलेत आणि तू छत्री मागतेस? काय झालं?"

"गुडघा दुखतोय माझा. वल्हवणं नाही जमायचं."

"गुडघ्याचं मला सांगू नकोस. तो पुढे माझ्याकडेच येणार आहे. ठणठणीत आहे तो."

ईशानला रात्रीच्या जेवणात मीठ दोनदा पडलेलं कळलं, पण तो बोलला नाही. त्याने फक्त शुक्रवारी विचारलं, "ती नाही म्हणाली का होडीला?" त्यावर ओवीला रडू कोसळलं. तिने सगळं सांगितलं. ईशानने बराच विचार केला आणि त्याच्या परीने सल्ला दिला, "तिलाच विचार की. खातं दोघींचं आहे."

शनिवारी सकाळी ओवीने तिला विचारलं. म्हणजे डॉक्टर काय म्हणाले, कावेरीचा नि मिरजेवाल्याचा निरोप काय आला, ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मला होडी नको. मला तू पाहिजेस."

म्हातारी हसायला लागली. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"अगं येडे," ती म्हणाली, "चाळीस महिने मी तुला काय मागत होते? होडी. आणि ती मिळायची वेळ आली तर तू मला जपायला निघालीस?"

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. न वाटायला काय झालं? पण काठावर उभी राहून राहून माझे पाय दुखलेत, ओवे. तू होडी घेतली नाहीस तर मी राहीन, हे खरं. पण मी म्हणजे काय राहील? तुझी हळहळ राहील, शहात्तर वर्षांची होऊन. तिच्याशी गप्पा मारायला गोड वाटतात तुला. तिच्यात राहायचं मला आहे." मग ती करारी आवाजात म्हणाली, "खात्याचा एक नियम तुला ठाऊक नाही. दुसरी सही आधी करता येते. मान्य."

फोनवर हिरवी खूण उमटली. तिच्या शेजारी ओवीच्या सहीची जागा रिकामी होती.

"मी हट्ट नाही करणार," म्हातारी म्हणाली. "पण मिरजेचा तो माणूस वल्हवताना ताक घुसळतो, एवढं लक्षात ठेव."

ओवीला रडता रडता हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तिच्या तोंडून शब्द निघाला. "मान्य."

तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. सहा वाजायला पुष्कळ अवकाश होता. दोघींनी तो पुरेपूर वापरला. ओवीने रजा टाकली. ईशान गाडी काढून त्यांना हरिपूरला घेऊन गेला. वाटेत म्हातारीने फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि गेल्या चाळीस महिन्यांत त्याने केलेल्या प्रत्येक पातळ आमटीचा उल्लेख केला. तोही मान खाली घालून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत राहिला. पिवळीधमक, हातभर रुंदीची होडी कावेरी सुतारने ओवीच्या पुढ्यात ठेवली. तिला हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून ओवीने ती वारणा कृष्णेला मिळते तिथल्या संथ पाण्यात ढकलली, फोन गळ्यात बांधला आणि आत बसली.

पहिल्या वल्ह्याला होडी गोल फिरली. दुसऱ्याला ती जवळजवळ उलटली. काठावर ईशानने डोळे मिटून घेतले.

"डावा हात ढिला सोड," म्हातारी ओरडली. "पाठीतून ओढ. आत्याने काय शिकवलं होतं? पाण्याला मारायचं नाही, पाण्याला धरायचं!"

तीस वर्षांपूर्वीचं ते हातांना आठवलं. होडी सरळ झाली आणि एकदम पुढे सरकली. पाणी दोन्ही बाजूंनी चुळचुळ वाजू लागलं. म्हातारी बोलायची थांबली.

"आहेस ना?" ओवीने विचारलं.

"गप," म्हातारी म्हणाली. "ऐकू दे."

दुपारभर त्या पाण्यात होत्या. मधे काठाला येऊन ओवीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वांग्याच्या भरिताची चव म्हातारीला सविस्तर सांगितली. तळहाताला फोड आला, तो फुटला, तरी तिला थांबावंसं वाटेना. इतकी वर्षं आपण ही गोष्ट कशाला बाजूला ठेवली होती, हेच तिला कळेना, आणि आनंदाने तिने दोनदा मोठ्याने आरोळी ठोकली. दुसऱ्या आरोळीला फोनमधूनही तशीच आरोळी आली.

पावणेसहाला म्हातारीच म्हणाली, "घे आता काठाला. अंग दुखेल उद्या. ऊन पाण्याने शेक."

"अजून पंधरा मिनिटं आहेत."

"माहीत आहे. ती तू नवऱ्याबरोबर बस. त्या बिचाऱ्याने सकाळपासून होडी उलटू नये म्हणून देव पाण्यात ठेवलेत." आणि मग, नेहमीपेक्षा हळू, "झकास वल्हवलंस गं. मला नावं ठेवायला जागा उरली नाही."

ओवी काठाला आली, ईशानच्या शेजारी बसली आणि सहा वाजेपर्यंत तिने फोन मुठीत घट्ट धरून ठेवला. सहा वाजून एका मिनिटाने फोन वाजला.

"ओवूऽ!" एक मोकळा, गोल, श्वास भरून घेतलेला आवाज म्हणाला. "मी गं, पुढची! काय सुंदर हवा आहे ना? वल्हं थोडं लांब कर म्हणावं कावेरीला. आणि रोज पहाटे उठ, मजा येते."

ओवीने फोनकडे पाहिलं. बाई छानच होती. तिच्या बोलण्यात कसलंही खडं मीठ नव्हतं.

श्रावणात शर्यती झाल्या. काठावर माणूस मावत नव्हता. बायकांच्या एकल शर्यतीत नऊ होड्या होत्या, त्यांत ओवी सातवी आली आणि जिंकल्यासारखी दोन्ही हात वर करून ओरडली. हळद बाजारातले सगळे अडते आले होते. बासुंदीवाल्याने अख्ख्या घाटाला बासुंदी वाटली. ईशान पळत पाण्यात उतरला तो चपलांसकट. त्या चपला घ्यायला त्याला आठवडा लागला होता, पण त्याचं त्याला भान नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोणी खांद्यावर उचलेल असं ओवीला कधी वाटलं नव्हतं, आणि चार अडत्यांनी तिला उचललं.

गर्दी पांगल्यावर ती ओल्या कपड्यांनीच एका पायरीवर टेकली. फोन वाजला.

"सातवी!" पुढची खुशीत म्हणाली. "आता ऐक. उद्यापासून नवं खातं भरायला घे. पाच वर्षं साठव आणि नोकरीतून वर्षभर सुटी घे. या होडीतून कृष्णा शेवटपर्यंत करायची, समुद्राला मिळेपर्यंत. मी काही ती केली नाही आणि त्याची मला फार चुटपुट आहे बघ."

ओवीने नाक ओढलं.

"अगं, तू रडतेस की काय? आजच्या दिवशी?"

"माझ्या ओळखीची एक बाई होती," ओवी म्हणाली. "ती आज इथे पाहिजे होती. आषाढात गेली."

"अरेरे. कोण गं? मी ओळखते का?"

"नाही. तू नाही ओळखत."

"वय काय होतं?"

"शहात्तर."

"माझ्याएवढीच की," पुढची हळहळली. आणि जुन्या माणसांच्या रीतीने तिने विचारलं, "फार हाल झाले का?"

"नाही. दिवसभर नदीवर होती. तिला जे हवं होतं ते मिळालं. हसत गेली."

"मग रडू नकोस, ओवू," ती प्रेमाने म्हणाली. "किती चांगलं झालं म्हणायचं. मलाही असंच मरण येऊ दे."

ओवीच्या हातात पतसंस्थेचा नव्या खात्याचा अर्ज उघडा होता. त्यावर दुसरी सही आधीच झालेली होती.